बसच्या मागे गाडी

अप्पा एकटेच परत आलेले पाहिले आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं. अंगणात लागलेली गाडी शिकवणीची होती, छतावरच्या पिवळ्या पाटीसकट, आणि त्या पाटीवर पुढून-मागून ढळढळीत अक्षरांत लिहिलं होतं: 'शिकाऊ चालक. अंतर ठेवा.'

"तुम्ही ही गाडी घेऊन त्याच्या मागे गेलात?" तिने दारातच अडवलं. "ही?"

"दुसरी दुरुस्तीला टाकलीय," अप्पा म्हणाले.

ते अंग चोरून तिच्या बाजूने आत शिरले आणि वर्गातल्या पहिल्या बाकावर जाऊन बसले. खाली ड्रायव्हिंग स्कूल आणि वर घर, असा या कुटुंबाचा संसार. वरच्या खोल्यांत सगळी माणसं मावत नसत, म्हणून घरातली प्रत्येक बैठक खालच्या वर्गात व्हायची. काकांची वाटणी इथेच मिटली होती, धाकटीचं लग्न मोडायचं इथेच ठरलं होतं. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात बंद पडलेला सिग्नल आणि बाकांवर घरचे लोक. एरवी अप्पा फळ्यापाशी उभे राहून बोलत आणि बाकीचे खाली बसून ऐकत. आज फळ्यापाशी कुणी नव्हतं.

"तो कुठे आहे?" धाकटीने विचारलं.

"उतरला."

"कुठे उतरला?"

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पुलाच्या स्टॉपला."

आईने डोळे मिटून घेतले. पूल म्हणजे काय, ते या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. दादाने गर्दची पहिली पुडी तिथेच घेतली होती आणि मधल्या सगळ्या वर्षांत तो हरवला की त्याला शोधायला आधी तिथेच जावं लागायचं.

"मागच्या सीटवर बसला होता," अप्पा सांगू लागले. "मी आपला मागे, अंतर ठेवून. सिग्नलला बस थांबली तसं त्याने वळून बघितलं. मग पुढच्याच स्टॉपला उतरला. माझ्याकडे सरळ बघितलं आणि पुलाखाली गेला."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"गाडी लावायला जागा नव्हती. नो पार्किंग आहे तिथे. वळसा घालून येईपर्यंत दिसेनासा झाला."

दुसऱ्या बाकावरचे काका फस्सकन हसले. मुलगा मरणाच्या दारात चाललेला दिसत असताना नो पार्किंगची पाटी पाळणारा माणूस जगात एकच असेल आणि तो आपला सख्खा थोरला भाऊ आहे, हे त्यांना एकदम नव्याने कळलं असावं. धाकटीला मात्र हसू येईना. तिला काहीतरी फोडावंसं वाटत होतं.

या खेपेला दादा व्यसनमुक्ती केंद्रातून आज पहिल्यांदा घरी यायचा होता. दुपारचं जेवण, थोडा वेळ आणि संध्याकाळच्या बसने परत. केंद्रातल्या मॅडमनी हे सगळं पायरीपायरीने आखून दिलं होतं आणि धाकटी त्या पायऱ्यांवर जीव टाकून होती. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन अंगातलं विष उतरवायचं. मग गटात बसून बोलायचं, बोलता येत नसेल तर नुसतं ऐकायचं. मग केंद्रातल्या स्वयंपाकघरात काम, मग कुणाला तरी सोबत घेऊन समोरच्या दुकानापर्यंत, मग एकट्याने दुकानापर्यंत. ते जमलं की घर. घर जमलं की रात्रीचा मुक्काम, कामधंदा त्याच्याही पुढे, आणि गाडीची किल्ली तर सगळ्यात शेवटी. एखादी पायरी चुकली तर आकाश कोसळल्यासारखं करायचं नाही, एक पायरी खाली यायचं आणि परत चढायचं.

मागच्या खेपेला या लोकांनी काय केलं होतं? पोरगा जरा बरा दिसायला लागला म्हणून अप्पांनी त्याला केंद्रातून उचलून आणला आणि दुसऱ्याच सकाळी थेट शिकवणीच्या गाडीत बसवला. आठवडाही गेला नाही. मागच्या मैदानात, इंजिन चालू असलेल्या गाडीत, तो स्टिअरिंगवर डोकं टाकून निपचित सापडला. वहिनीला सापडला.

म्हणून या वेळी मॅडमनी घरच्यांनाही बोलावून घेतलं आणि प्रत्येकाला काय करायचं नाही ते नेमून दिलं. काकांनी टोमणे मारायचे नाहीत. आईने त्याचे खिसे चाचपायचे नाहीत. अप्पांनी आणायला आणि सोडायला जायचं नाही. धाकटीला त्या म्हणाल्या, "त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही देता. ते बंद करा." धाकटीला ते काही फारसं रुचलं नव्हतं. आणि वहिनीला सांगितलं, "बरं चाललंय असं दाखवू नका." वहिनी त्या दिवसापासून घरात हसायचीच थांबली.

"काही करायचं नव्हतं," धाकटी म्हणाली. "एक दिवस हातपाय हलवायचे नव्हते, बस्स! तेवढंसुद्धा तुमच्याच्याने झालं नाही?"

"यांच्यावर ओरडू नकोस," आई म्हणाली. "मीच पाठवलं यांना."

धाकटी गर्रकन वळली. "तू?"

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. बसमध्ये त्याला गरगरलं, कुणी जुनं भेटलं, म्हणजे? म्हटलं, लांबून बघा. त्याला कळू देऊ नका."

"कळू देऊ नका! डोक्यावर पाटी लावलेली गाडी, आई! दोन गल्ल्या पलीकडून दिसते ती!"

"पाटी काढत होतो," अप्पा पुटपुटले. "स्क्रू गंजलेत."

"आता बसची वेळ कुणी काढून दिली तेही विचार," काका म्हणाले. "मी दिली. लपवत नाही. आणि एवढा थयथयाट करायचं कारण नाही. आमचे राजे पुलाचा स्टॉप बघून उतरले, अप्पांना बघून नव्हे. अप्पा मागे नसते तरी उतरलेच असते."

सकाळपर्यंत हेच काका धाकटीच्या बाजूने होते. 'तुझी मॅडम शहाणी बाई दिसते' असं चहा पिताना म्हणाले होते, आणि तिला वाटलं होतं, चला, निदान एक माणूस तरी आपल्याकडे आला. आता ते निवांत पाय पसरून अप्पांच्या पंक्तीला बसले होते.

"सकाळी तर तुम्ही मान डोलवत होतात, काका," ती म्हणाली.

"सकाळी तो यायचा होता. आता आलाय का?"

"तुला काय ठाऊक आहे गं," अप्पा एकदम उसळले. "शेजारी बसून आपलं माणूस भलतीकडे जाताना बघायचं म्हणजे काय असतं, तुला ठाऊक आहे? तुझे आजोबा ट्रकवर असताना मी—"

"ठाऊक आहे!"

ही गोष्ट घरात प्रत्येक भांडणात निघायची. आजोबा पिऊन ट्रक चालवायचे, शेजारी एवढेसे अप्पा, आणि अप्पांचे पाय ब्रेकपर्यंत पोचायचे नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालणाऱ्या प्रत्येकालाही पहिल्या दिवशी ती ऐकावी लागे. लहानपणी धाकटीला ऐकताना रडू यायचं. आता तिला त्या गोष्टीचा राग यायचा, कारण ती निघाली की समोरच्याला बोलायला तोंडच उरत नसे. आज धाकटी थांबली नाही.

"तुमचे पाय पोचत नव्हते म्हणून तुम्ही गाडीत स्वतःच्या पायाखाली दुसरा ब्रेक बसवून घेतलात. ठीक आहे. पण तुमच्याकडे शिकणारी पोरं पहिल्या परीक्षेत नापास का होतात, अप्पा? एकजात सगळी? तुम्हाला कुणी सांगत नाही, मी सांगते. त्यांनी जन्मात कधी स्वतः ब्रेक दाबलेला नसतो! समोर मांजर दिसायच्या आत तुमचा पाय पोचलेला असतो. तिकडे परीक्षक नुसता बसून राहतो, आणि पोरं जातात सरळ खांबावर!"

मागून सगळे म्हणायचे, पण अप्पांच्या तोंडावर हे आजवर कुणी बोललं नव्हतं. अप्पांचा पाय बाकाखाली फरशी दाबत होता. ती त्यांची जुनी सवय होती, काही बिनसलं की बसल्या जागी पाय दाबला जायचा. धाकटीही शिकवायची, तिलाही ती सवय लागली होती.

"माझ्या स्कूलमध्ये एक अपघात नाही," अप्पा म्हणाले. रागाने त्यांचा आवाज चिरकला होता. "इतक्या वर्षांत एक नाही!"

"एक आहे," वहिनी म्हणाली.

ती खिडकीजवळ, ऑफिसच्या टेबलाला टेकून बसली होती. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करणारी ही बाई दिवसभर लोकांना श्वास रोखून धरा म्हणून सांगत असे आणि घरी आल्यावर जेवढ्यास तेवढं बोले. ती माहेरी जाणार, यंदा नक्की जाणार, असं घरात प्रत्येकाने मनाशी धरलं होतं. अप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"मी जातो पुलावर," काका उठले. "बखोटीला धरून आणतो. दोन ठेवून दिल्या असत्या वेळेवर, तर या पायऱ्याबियऱ्या लागल्याच नसत्या."

"कुणी कुठे जायचं नाही!" धाकटीने मॅडमना फोन लावला. दादाकडे फोन नव्हता, केंद्रात तो इतक्यात मिळत नसे. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, घरीच थांबा. आला तर जेवायला वाढा. झडती नको, उलटतपासणी नको. संध्याकाळच्या बसपर्यंत आलाच नाही तर मला कळवा, पुढचं आम्ही बघू. धाकटी 'हो, हो' म्हणत होती. फोन ठेवल्यावर तिचं लक्ष गेलं, तिने स्वतःच पायांत चपला सरकवल्या होत्या.

तेवढ्यात दादा दारात आला.

शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, बूट धुळीने भरले होते. पुलापासून चालत आला असणार. डोळे लाल. धाकटीने सगळ्यात आधी डोळेच बघितले आणि तसे बघितल्याचा तिला स्वतःचाच राग आला. आई हात पसरून पुढे झाली. नशेच्या वर्षांत दादा कधी चिडत नसे. तो गोड बोलायचा, शपथा घ्यायचा, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचा आणि उठून जाताना घरातला मिक्सर घेऊन जायचा. आज तो आईच्या हातांपासून दोन पावलं मागे सरला.

"कुणाची कल्पना?" त्याने विचारलं.

"बाळा, आधी पाणी पी—"

"कल्पना कुणाची, आई?"

"तो चालून आलाय, दमलाय," धाकटी घाईने म्हणाली. "जरा बसू दे त्याला, मग तो सांगेल सगळं. आधी—"

"तू गप्प बस!" दादा ओरडला. "मला तोंड आहे!"

धाकटीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. याच्यासाठी तिने घरादाराशी वैर घेतलं होतं. दर भेटीला तीच जायची, गटातल्या लोकांच्या बायका-आयांशी तीच बोलायची, आत्तासुद्धा ती याच्याच बाजूने सगळ्यांशी भांडत होती. आणि हा तिला गप्प बस म्हणतो.

"सगळी बस हसत होती," दादा म्हणाला. "कंडक्टर म्हणाला, ती शिकाऊ गाडी कधीची मागे लागलीय, आपण ब्रेक मारला तर येऊन धडकायची. मी म्हटलं, नाही धडकणार. ते माझे वडील आहेत."

"मग उतरलास कशाला?" काका म्हणाले. "आणि बरा पुलालाच उतरलास!"

"हो, पुलालाच उतरलो! त्या एका स्टॉपसाठी मी महिनाभर तयारी केली होती, काका. बस तिथे थांबली की कुठे बघायचं, हात कुठे ठेवायचे, मनात काय म्हणायचं. गटात बसून रोज घोकलं. खाली बघायचं आणि बस सुटेपर्यंत समोरचा दांडा सोडायचा नाही. मी करणार होतो ते! दांडा धरलेला होता मी. आणि मागे बघतो तर आपली पाटी. म्हणजे मी इथे उतरणार हे घरी ठरूनच गेलंय. म्हटलं, मग उतरतोच."

अप्पा उठून उभे राहिले. "घेतलंस?"

"त्या माणसाने मला ओळखलं. किती दिवसांनी, म्हणाला. फुकट घे आज. हातात ठेवलं माझ्या."

"घेतलंस का?"

"ते इथे सांगणार नाही."

अप्पांनी पुढे होऊन त्याची हनुवटी धरायला हात केला, डोळ्यांतल्या बाहुल्या बघायला, नेहमी बघायचे तशा. दादाने तो हात वरच्या वर पकडला. बाप-लेक क्षणभर तसेच उभे राहिले.

"नाही," दादा म्हणाला. "परत गेलो की तिथे लघवीची तपासणी आहे. काय असेल ते तिथे निघेल. इथे नाही. इथे मी खरं सांगितलं की तुम्ही मानत नाही आणि खोटं सांगितलं की मानता. आजवर असंच झालंय, अप्पा. मला आता दोन्ही नको."

"मग घरी आलास कशाला?" वहिनीने विचारलं.

दादाने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर धीर नव्हता आणि मायाही नव्हती, होता तो सरळ राग, आणि तो तिने झाकला नव्हता. दादाचा आवाज एकदम उतरला.

"यायचं ठरलं होतं," तो म्हणाला. "म्हणून आलो."

टेबलावरचा तांब्या उचलून तो उभ्या उभ्या पाणी प्यायला. आई वर ताट वाढलंय म्हणत होती, त्याने नको म्हणून मान हलवली. "परतीच्या बसने जातो. एकटा," तो म्हणाला आणि गेला.

अप्पांनी खुंटीवरून किल्ली काढली.

या वेळी धाकटीने विचार केला नाही. ती दारात जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी चौकट धरली.

"बाजूला हो."

"नाही."

"तीच बस आहे, तोच स्टॉप आहे! परत पुलावरूनच जाणार ना ती?"

"हो."

"आणि ते त्याच्या खिशात असलं तर? तुला ठाऊक आहे नसेल म्हणून?"

"नाही ठाऊक."

"मग कशाच्या जोरावर उभी आहेस तू?"

मॅडम काय म्हणतात ते तिला तोंडपाठ होतं, पण या घडीला त्यातला एक शब्द आठवेना. तिला फक्त एवढं कळत होतं की, आज हे बाहेर पडले तर दादा पुन्हा कधी एकटा बसमध्ये चढणार नाही. अप्पांनी तिचा दंड धरून ओढलं. ज्या माणसाने पोरांवर कधी बोट उगारलं नव्हतं, त्याची बोटं तिच्या दंडात रुतली. तिने चौकट सोडली नाही.

"त्याला काही झालं," काका मागून म्हणाले, "तर ते तुझ्या डोक्यावर, पोरी. लक्षात ठेव."

"असू दे माझ्या डोक्यावर!"

"अहो," आई म्हणाली. "सोडा तिला."

"तूच सांगितलंस ना सकाळी, जा म्हणून?"

"सांगितलं. चुकलं माझं. आता बसा म्हणतेय." आई जवळ आली आणि अप्पांच्या मुठीतून किल्ली काढून घेतली. त्यांनी ती सहजासहजी दिली नाही, आईला एकेक बोट उलगडावं लागलं. मग अप्पा मटकन बाकावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मारा त्याला."

धाकटी दारातच होती, रस्त्याकडे पाठ करून. मागे वळली असती तर तिला स्टॉप दिसला असता, म्हणूनच ती वळत नव्हती. तो तिथे एकटा उभा दिसला असता तर अप्पा राहिले बाजूला, तीच धावत सुटली असती. तिला अप्पांचा राग येत होता, आईचा येत होता, आणि सगळ्यात जास्त, गप्प बस म्हणून निघून गेलेल्या दादाचा येत होता. पाठीमागे बस आल्याचा आवाज झाला, दार उघडल्याचा झाला, बस सुटल्याचाही झाला. कुणी खिडकीशी गेलं नाही. काका तेवढे मान लांब करून बघायला लागले होते, पण वहिनीने उठून पडदा ओढून घेतला.

मग वाट बघणं आलं. वर वाढलेलं ताट तसंच होतं, कुणालाच भूक नव्हती. उजेड कमी झाला तरी दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. अप्पा आणि धाकटी एकमेकांकडे पाठ करून बसले होते. काका दोनदा जायला उठले आणि दोनदा परत बसले.

टेबलावरचा फोन वाजला. धाकटी उठून धावली, या घरात केंद्राचे फोन तीच घ्यायची, पण टेबलाशी वहिनी होती. वहिनीने उचलला.

"हं," ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. "बरं." परत ऐकलं. "हो." आणि ठेवून दिला.

"पोचला," ती म्हणाली. "तपासणी झाली."

"काय निघालं?" अप्पा, आई, काका आणि धाकटी एकदमच म्हणाले.

"विचारलं नाही मी."

"विचारलं नाही म्हणजे?" अप्पा कडाडले. "अगं, सांगत होते ना ते फोनवर? मॅडमना विचारायचं तेवढं एक—लाव, परत लाव!"

धाकटीचा हात फोनवर पोचलासुद्धा होता. वहिनीने तो धरला आणि बाजूला केला, जरा जोरातच.

"मॅडम नव्हत्या," ती म्हणाली. "तो स्वतः होता. पुढच्या रविवारी येऊ का, विचारत होता. मी ये म्हटलं."